नावावरची पट्टी

आमच्या लेआउटमध्ये नावाच्या पाट्यांची चढाओढ आहे. कुणी प्राध्यापक, कुणी ॲडव्होकेट, कुणी माजी उपसभापती. माझ्या नवऱ्याने निवृत्तीला दहा वर्षं शिल्लक असतानाच 'सहायक अभियंता'ची पितळी पाटी करून घेतली, तेव्हा इतरांना हसायचा मला फारसा हक्क नाही. पण कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या घराची पाटी लोक गाडी थांबवून वाचायचे. 'मधुकर श. गावंडे, व्रणोपचारक (सेवानिवृत्त).' अर्थ कळायचा नाही, म्हणून आदर वाटायचा.

व्रणोपचारक म्हणजे सरकारी गुरांच्या दवाखान्यात जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैल धरून ठेवणारा माणूस. गावंडे काकांची सगळी नोकरी बार्शीटाकळीकडे यातच गेली. बायको गेल्यावर ते अमरावतीत एकटेच राहायचे. एकदा एक म्हातारबा पाटी वाचून पायावरचं चिघळलेलं गळू दाखवायला त्यांच्याकडे आले. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं, जखम धुतली, सुरेख पट्टी बांधली आणि सांगितलं, आता माणसाच्या डॉक्टरकडे जा, फक्त पट्टी कुठं बांधली ते सांगू नका, त्याला वाईट वाटेल.

त्यांना कुणी डॉक्टर म्हटलेलं मात्र खपत नसे. "डॉक्टर सही करते. मी जनावर धरतो," असं ते म्हणत, आणि हे नम्रपणे म्हणत असतील असं समजण्याचं कारण नाही. सही कुणालाही करता येते, असा त्यांच्या स्वरातला अर्थ आम्हाला नीट कळायचा.

निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर कुत्र्याची पिल्लं येऊ लागली. नालीत सापडलेली, पोत्यात बांधून टाकलेली, हौशीने आणून महिन्याभरात नकोशी झालेली. काका त्यांना धडधाकट करत आणि घर शोधून देत. औषध स्वतःच्या मनाने कधी देत नसत, राजापेठेतल्या जनावरांच्या तरुण डॉक्टरबाईंकडे नेत. पण तपासणी त्यांची. कार्यालयातून उरलेली एक लांबलचक वही होती, तिच्यात प्रत्येक पिल्लाचं एक पान. वजन, हिरड्यांचा रंग, पोट, हागणं, सगळं पेनाने. नाव तेवढं पेन्सिलीने. दुसरी लस होऊन पंधरा दिवस पिल्लू घट्ट हागलं, की मगच पेन्सिलीवरून पेन फिरायचं. "पहिले हागणं पाहा, मंग नाव ठेवा," हे वाक्य आमच्या गल्लीत इतक्या वेळा बोललं गेलं की माझ्या मुलीने लहानपणी ते शाळेत सुविचार म्हणून सांगितलं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं की नावाने काय बिघडतं. ते म्हणाले, "बँकवाल्या बाई, नाव ठेवलं का माणसं रडत बसतेत. हागणं पाह्यलं का दवाखान्यात जातेत."

पिल्लू न्यायला येणाऱ्यांची तर ते सालटी काढत. कॅम्प भागातले एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले होते. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला, त्यामुळे मान वर करून बोलत होते. पिल्लू हवं, पण पुढे काही आजार निघणार नाही याची गॅरंटी हवी, असं त्यांचं म्हणणं. काकांनी मांडीवरच्या पिल्लाचा ओठ वर केला, हिरडी बोटाने दाबली, पांढरी झालेली जागा परत गुलाबी होते की नाही ते दाखवलं. मग म्हणाले, आता तुमी तोंड उघडा. गृहस्थ हसले. काका हसले नाहीत.

"याच्या हिरड्या पाहा अन तुमच्या पाहा," ते म्हणाले. "गॅरंटी यानं मागितली पाह्यजे."

गृहस्थ गेले. ते पिल्लू पुढे बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्याकडे गेलं, तो पहिल्याच दिवशी डबीत हागणं घेऊन आला होता म्हणून. काकांच्या लेखी याहून मोठी लायकी नव्हती.

मग आमची पाळी आली. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा माझी मुलगी केतकी कॉलेजमागच्या एका गच्चीवरून पिल्लू घेऊन आली. तिथे भाड्याने राहणाऱ्या मुलांनी ते व्हिडिओ काढायला आणलं होतं. व्हिडिओ काढून झाले आणि मुलं गावी गेली. पिल्लू पाण्याच्या टाकीला नायलॉनच्या दोरीने बांधलेलंच राहिलं. दोरी गळ्यात रुतली होती. पोट मात्र टरारून फुगलेलं, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या की खाऊन-पिऊन तर चांगलं आहे.

काका आले. खांद्यावरचा दुपट्टा, म्हणजे उपरणं, काढून जमिनीवर अंथरला, पिल्लू त्यावर ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना दोन हात लांब उभं केलं.

"पोट गोल आहे म्हणजे भरलं नाही, जंतांनी भरलं," ते म्हणाले.

पांढऱ्या ओल्या रुमालावर त्यांनी पिल्लाच्या पाठीतून फणी झटकली. काळे कण पडले आणि पाण्याने लाल झाले. हे पिसवांनी प्यालेलं रक्त, त्यांनी सांगितलं. हिरड्या फिक्या होत्या. कानाचा त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पायाला केस गेलेले चट्टे होते, ते बहुतेक खरजेचे, म्हणजे आपल्यालाही खाज सुटू शकते. दोरीच्या जखमेत अळ्या होत्या. माझा नवरा, सहायक अभियंता, एवढं ऐकून आत गेला आणि आंघोळ करून आला. परत आल्यावर त्याने सुचवलं की पिल्लालाही फिनेलच्या पाण्याने एकदा धुऊन काढावं. काका म्हणाले, फिनेल चाटून मरते साहेब, तुमी आपले पूल बांधा.

डॉक्टरबाईंनी जखम साफ केली, जंतांचं औषध दिलं, पिसवांचं औषध पिल्लाचं वजन करून दिलं. लस मात्र लगेच देता येणार नाही म्हणाल्या. अंगात रक्त नाही, आधी थोडं बाळसं धरू दे. चौदाव्या दिवशी या. तोवर बाहेरच्या कुत्र्याचा, बाहेरच्या चपलेचा, बाहेरच्या कुठल्याही वस्तूचा संपर्क नको, कारण रक्ती हगवणीची साथ चालू आहे आणि हे पिल्लू ती सोसणार नाही.

इथे काकांनी आपली युक्ती काढली. तिचा त्यांना फार अभिमान होता. क्वारंटाइन म्हटलं की लोक कोरोनाच्या आठवणीने कंटाळतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारी बोलावतात, हे त्यांनी अनेक घरांत पाहिलं होतं. म्हणून ते सरळ सांगत, की घरात जन्म झाला असं समजा आणि सोहेर पाळा. बाहेरच्याने शिवायचं नाही, आपण कुणाकडे जायचं नाही, आल्यावर हातपाय धुवायचे. एवढं सांगितलं की पुढे एक शब्द सांगावा लागत नाही.

"सरकारनं पत्रकं छापली, फुकट गेली," ते मला म्हणाले. "आपल्या लोकायले रोगाचं भेव नाही. इटाळाचं आहे."

सासूबाईंनी सोहेर असं पाळलं की काकांनाही ओट्यावरच थांबवलं. देवपूजा बंद. दूधवाला फाटकाबाहेर. मोहोड सर, म्हणजे आमच्या समोरचे निवृत्त प्राचार्य, पिल्लू बघायला म्हणून आले तर त्यांनाही सासूबाईंनी खिडकीतून परत पाठवलं. पिल्लाच्या ताटलीत पातळ खिचडी, उकडलेलं अंडं. सासूबाईंनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, त्या अंडं सोलायला लागल्या. मागच्या अंगणात कोपरा होता, तिथे केतकी रोज सकाळी खाली बसून हागणं पाहायची आणि काकांना फाटकावरून ओरडून कळवायची. पोट उतरलं. जखम कोरडी पडली. आठव्या दिवशी पिल्लाने नवऱ्याचा बूट कुरतडला. सगळं कसं छान चाललं होतं.

त्याच सुमारास काका चार दिवसांसाठी अकोल्याला लेकीकडे गेले. जाताना फाटकावरून सांगून गेले की मी येईपर्यंत असंच राहू द्या.

पण सोहेर काही 'मी येईपर्यंत' असं नसतं. त्याला स्वतःचे दिवस आहेत आणि ते सासूबाईंना पाठ होते. दहा दिवस झाले, सोहेर फिटलं. अकराव्या दिवशी त्यांनी घर धुतलं, देव उजळले. बाराव्या दिवशी बारसं. यात विचारण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही आणि खरं सांगते, मलाही दिसलं नाही. मी बँकेत पंचवीस वर्षं काढली आहेत, मुदत चौदा दिवसांची आहे हे मला वाचता येत होतं. पण केतकीने पाळणा सजवला होता आणि ग्रुपवर निमंत्रण मीच टाकलं होतं, 'आमच्याकडे यायचं हं' असं लिहून.

चाळीस माणसं आली. पिल्लाची जन्मतारीख ठाऊक नसल्यामुळे घरी आलं त्या दिवसावरून सासूबाईंनी पंचांगात अक्षर काढलं. भ निघालं. नाव भुऱ्या. बायकांनी पाळणा म्हटला. पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं, प्रत्येकीने त्याच्या पायाचे मुके घेतले आणि कुणीतरी पेढा चारला. केतकीने डॉक्टरबाईंनी दिलेल्या लसीच्या कोऱ्या कार्डावर चमकीच्या पेनाने मोठ्या अक्षरांत भुऱ्या लिहिलं. मोहोड सरांनी छोटं भाषण केलं, भूतदया वगैरे, आणि आहेर म्हणून एक गादी दिली. त्यांच्या ब्रुनो कुत्र्याची. ब्रुनो मागच्याच महिन्यात गेला होता. गादी धुऊन, इस्त्री करून, वर फीत बांधून आणलेली. मोहोड बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याही आलं.

मी उत्साहाने काकांना फोन लावला. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, म्हणून फोटो पाठवता येईना, सगळं तोंडीच सांगितलं. 

मग त्यांनी विचारलं, "कोणं काय आणलं?"

मी यादी सांगितली. गादीशी आले तेव्हा त्यांनी थांबवलं. "ब्रुनो कशानं गेल्ता?"

मी मोहोड सरांना विचारलं. त्यांनी भाषणाच्याच आवाजात सांगितलं की हगवणीने, रक्ताची होती. मी तेच फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं.

काका संध्याकाळच्या आत एसटीने आले. गादी तोवर मी फाटकाबाहेर फेकली होती. त्यांनी ती जाळली, आम्हाला ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी धुवायला लावली, पाळण्याची साडीही गेली. मोहोड सर गच्चीवरून पाहत होते. काका त्यांना काही बोलले नाहीत, आम्हालाही नाही, आणि जो माणूस नवऱ्याच्या पितळी पाटीलाही सोडत नसे त्याचं हे गप्प राहणं मला सोसेना. चौदाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी लस दिली, पण म्हणाल्या की लस आजच्या आज कामाला लागत नाही.

सोळाव्या दिवशी पिल्लाने बूट सोडला. दुपारी ओकलं. नंतर कोपऱ्यात बसलं, आणि त्या वासाने केतकी खाली वाकून न बघताच रडायला लागली.

चार दिवस आम्ही सकाळी दवाखाना उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत तिथेच होतो. सलाइन तासन् तास चालायचं. पिल्लाचा पाय माझ्या करंगळीएवढा, आणि ते हललं की सुई निसटायची. काका त्याला धरून बसायचे. त्यांच्या धंद्यातलं मोठेपण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बैलाची शिंगं धरलेले ते हात त्या पायाखाली इतके हलके असत की पिल्लाला झोप लागायची. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली तेव्हा त्यांनी मला शिकवलं.

"कोपराच्या मांगून हात घाल. आवळू नोको. पकडलं आहे असं त्याले वाटलं नाही पाह्यजे. तू नुसती बसली आहे असं वाटलं पाह्यजे."

मी धरलं. त्यांनी कार्ड मागून घेतलं. चमकीच्या पेनातलं भुऱ्या पाहिलं. ते खोडून काढण्यासारखं नव्हतं. त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधून पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि नावावर लावून टाकला, कडा अंगठ्याने नीट दाबून. केतकीला ते फार लागलं. मलाही. मला वाटलं, आता आम्हाला फाडून खातील.

"चूक माही आहे," ते म्हणाले. "सोहेर मीच सांगतलं. सोहेर फिटते, हे इसरलो."

आयुष्यात एवढ्या सहजपणे चूक कबूल करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि ज्या चार जणांनी करायला हवी होती, म्हणजे आमचं अख्खं घर, ते चारही त्या वेळी तिथे हजर होते. 

चौथ्या दिवशी दुपारी पिल्लाने डॉक्टरबाईंच्या चपलेचा पट्टा चाटला. काकांनी त्यांना चप्पल हलवू नका म्हणून खूण केली. ते पट्टा चावायला लागलं तेव्हा डॉक्टरबाई एका पायावर उभ्या होत्या, आणि काका दुपट्ट्याने चष्मा पुसत होते.

ते वाचलं. मोहोड सरांनी ग्रुपवर टाकलं की ईश्वरी इच्छा. पण कार्डावरची पट्टी तशीच राहिली. काका म्हणाले, पंधरा दिवस हागणं पाहू. पंधरा दिवसांनी म्हणाले, दुसरी लस होऊ दे. ती झाल्यावर म्हणाले, पाहू. घाबरले होते, दुसरं काही नाही. सासूबाईंनी तर धसकाच घेतला होता. बारशामुळे हे झालं, आता गावंडेभाऊ सांगतील तेव्हाच नाव, असं त्यांनी जाहीर केलं. मोहोड सरांना त्यांनी पुन्हा घरात घेतलं नाही ते वेगळं. त्यामुळे पिल्लाचं कुत्रं झालं, पंचवीस किलोचं झालं, तरी घरात त्याला सगळे 'ए' म्हणायचे. रेबीजच्या लसीची नोंद करताना डॉक्टरबाई दर वेळी त्या पट्टीकडे बघून हसायच्या.

काकांनी युक्ती मात्र बदलली. पुढच्या घरांत सोहेर हा शब्द त्यांनी काढला नाही. "दूर राहा, नाहीतर मरते," एवढंच सांगायचे. त्या घरांनी ते कितपत ऐकलं देव जाणे.

दोन वर्षांनी त्यांची किडनी बिघडली आणि लेकीने त्यांना अकोल्याला नेलं. वही त्यांनी डॉक्टरबाईंकडे दिली. पाटी तशीच राहिली. नवे भाडेकरू ती वाचून काकांना आयुर्वेदाचार्य समजतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या दवाखान्यात, सकाळी. सासूबाईंनी माझ्या पर्समध्ये कुत्र्याचं कार्ड ठेवलं होतं, भाऊला विचारून घे म्हणून. लेक रिपोर्ट आणायला खाली गेली होती. एक नवी नर्स काकांच्या हाताला सुई लावत होती आणि शीर सापडत नव्हती. दोन ठिकाणी निळं झालं होतं. काका तिला समजावून सांगत होते की पोरी, माह्या जागी रेडा असता त तुले लाथ बसली असती. ती रडकुंडीला आली होती. हात खूप सुकला होता, आणि तो त्यांनी ताठ धरला होता.

मी त्यांच्या कोपराच्या मागून हात घातला. आवळला नाही. नुसती बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात ढिला सोडला. सुई लागली.

नर्स गेल्यावर त्यांनी विचारलं, "हागणं?"

"घट्ट."

"भूक?"

मी सांगितलं की गेल्या आठवड्यात साहेबांचे नवे बूट गेले. त्यावर ते समाधानाने हसले. मी कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. पट्टीच्या कडा मळून काळ्या झाल्या होत्या. 

"काढ," ते म्हणाले.

मी पट्टी ओढली. तिच्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला, आणि केतकीचं चमकीचं अक्षरही. खाली पांढरी जागा उरली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"मंग लिही की," काका म्हणाले. "पेनानं."

मी कार्ड गुडघ्यावर ठेवून भुऱ्या लिहिलं. एक हात पुन्हा त्यांच्या कोपराखाली होता, म्हणून अक्षर वाकडं आलं.